मिठाच्या रस्त्यावरची गाडी: हिवाळ्यात धुताना आधी पोट, मग पाठ

मागच्या रविवारी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक नवीन मुलगी भेटली, पुण्याची, सप्टेंबरमध्ये इकडे कॅनडात मिसिसागाला आलीये आणि नोव्हेंबरात सेकंडहँड गाडी घेतलीये. निघताना पार्किंगमध्ये तिची गाडी बघितली तर रंग काळा आहे हे सांगितल्याशिवाय कळू नये अशी अवस्था, खालपासून पार खिडकीपर्यंत पांढरीफटक. दार उघडताना तिच्या कोटाच्या बाहीला पण पांढरा पट्टा उमटला. मला म्हणाली, "ताई, ही आता धुऊ का, का एप्रिलपर्यंत अशीच चालवू? ऑफिसात एकजण म्हणतो थंडीत धुतली तर दारं गोठतात, दुसरा म्हणतो नाही धुतली तर गाडी सडते."

दोघंही खरं बोलले. म्हणून तर हे सविस्तर लिहितेय, कारण तिथे थंडीत कुडकुडत उभं राहून पाच मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं.

माझं माहेर रत्नागिरीजवळ, समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर. खारा वारा लोखंडाचं काय करतो ते लहानपणापासून बघितलंय, खिडकीचे गज, पडवीवरचे पत्रे, सायकलची चेन, विहिरीवरचा रहाट, सगळं एका पावसाळ्यात लालेलाल. बाबा दरवर्षी दिवाळीच्या आधी पॉलिश पेपर घेऊन गज घासायचे आणि रेड ऑक्साइड मारायचे, एक वर्ष आजारपणात राहून गेलं तर दुसऱ्या वर्षी दोन गज बुडाशी सुटलेच. आणि तो नुसता वारा होता हो, इथे तर आपण मिठाच्या पाण्यातूनच गाडी चालवतो, रोज, चार-साडेचार महिने.

हे मीठ समुद्राचं नसतं, खाणीतलं असतं. आमच्या ऑन्टारिओतच ह्युरॉन लेकच्या काठावर गॉडरिच म्हणून गाव आहे, तिथे तळ्याच्या तळाखाली साधारण साडेपाचशे मीटर खोल जगातली सगळ्यात मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. तिथून येणारं जाडं मीठ बर्फ पडला की ट्रक फिरून रस्त्यावर फेकतात आणि आजकाल बर्फ पडायच्या आधीच मिठाचं पाणी रस्त्यावर शिंपडून ठेवतात, रस्त्यावर त्या समांतर पांढऱ्या रेघा दिसतात ना, त्या त्याच्याच. साधं मीठ उणे दहाच्या खाली फारसं काम करत नाही म्हणून कडाक्यात त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड घालतात, आणि हे दोघं गाडीच्या दृष्टीने जास्त वाईट, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि सुकतच नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं ना, अगदी तसंच गाडीच्या खाली चालू असतं. वरून कोरडी दिसते, खाली मात्र सांध्यासांध्यात खारट ओल धरून बसलेली.

आणि म्हणूनच थंडीत गाडी धुण्याचा अर्थ वेगळा आहे. उन्हाळ्यात आपण चमक यावी म्हणून धुतो, इथे जानेवारीत चमक गेली खड्ड्यात, खालचं मीठ निघालं पाहिजे आणि फटीतलं पाणी सुकलं पाहिजे, ही दोनच कामं. बाकी सगळं जमलं तर.

आता आधी माझी चूक सांगते म्हणजे का एवढं जीव तोडून लिहितेय ते कळेल. पहिला हिवाळा, फेब्रुवारी, बाहेर उणे अकरा पण ऊन लख्ख पडलेलं. आपल्याला सवय काय, रविवार सकाळ म्हणजे बादली, मग, फडकं आणि गाडी. गरम पाण्याची बादली भरली, शाम्पू टाकला आणि घरासमोरच्या ड्राइव्हवेवर सुरू. पहिलं दार अर्धं पुसून होईपर्यंत वरच्या भागातलं पाणी काचेसारखं कडक झालं, फडकं पत्र्याला चिकटायला लागलं, मी घाबरून अजून गरम पाणी ओतलं, ते दाराच्या फटीत गेलं आणि तिथेच थिजलं. नशीब की काचेवर ओतलं नाही, गारठलेल्या काचेवर गरम पाणी पडलं की ती तडकू शकते, एखादा खड्याचा टवका आधीपासून असेल तर विचारूच नका. संध्याकाळी दार उघडायला गेले, उघडेना, जोर लावून ओढलं तर दाराचं रबरी बीडिंग अर्धा हात फाटून पत्र्यालाच चिकटून राहिलं. पण खरी भीती मला दुसऱ्या दिवशी वाटली. ड्राइव्हवेवर सांडलेलं पाणी रात्रीत गोठून पारदर्शक बर्फ झाला होता, दिसतच नव्हता, आणि त्याच्यावरून माझे सासरे घसरले. भारतातून चार महिन्यांसाठी आले होते, वय बहात्तर. हात टेकला म्हणून मनगटावर निभावलं, कंबर वाचली. त्या दिवसापासून थंडीत ड्राइव्हवेवर मी पाण्याचा थेंब सांडलेला नाही.

तसंही ड्राइव्हवेवर साबणाने धुणं इथे बऱ्याच शहरांच्या नियमात बसत नाही, कारण रस्त्याकडेच्या जाळीतलं पाणी प्रक्रिया न होता सरळ ओढ्यात, नदीत आणि तिथून लेक ऑन्टारिओमध्ये जातं. आपलं पिण्याचं पाणीही त्याच लेकचं. म्हणजे दोन्हीकडून उत्तर एकच, धुवायची तर कार वॉशच्या बेमध्ये, म्हणजे गाडी आत घेऊन धुवायच्या खोपटात, किंवा आपल्या बंद गॅरेजमध्ये बिनपाण्यासारख्या पद्धतीने. दोन्ही सांगते.

आधी दिवस कुठला निवडायचा ते. हवामानात खरं तापमान बघा, फील्स लाइक बघू नका. फील्स लाइक आपल्या कातडीसाठी असतं, हवा अधिक एक असेल आणि फील्स लाइक उणे सात असेल तरी गाडीवरचं पाणी गोठणार नाही, वाऱ्याने फक्त गाडी लवकर गार होते. शून्याच्या वर दोन-तीन डिग्री असेल, दुपार असेल आणि पुढचे चार-पाच तास तसंच राहणार असेल तर तो दिवस सोन्यासारखा. रात्री परत उणे जाणार असेल तर सकाळी दहा-अकरालाच धुऊन मोकळं व्हा, म्हणजे अंधार पडायच्या आत फटी सुकतात. उणे पाचपर्यंत मी जाते, पण ते इनडोअर बे असेल आणि पुसायला भरपूर फडकी सोबत असतील तरच. उणे दहाच्या खाली नाहीच. आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका, कारण तेवढ्या कडाक्यात गंज पण आळसावलेला असतो, मिठाची रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते शून्याच्या आसपास, बर्फ वितळतो, सगळीकडे राखाडी रबडी होते, तेव्हा. म्हणून उणे वीसचा आठवडा संपून हवा जरा उघडली की त्याच दिवशी सगळी मिसिसागा कार वॉशच्या रांगेत असते, तिथे अर्धा तास थांबावं लागलं तरी थांबा.

ज्यांच्याकडे गरम गॅरेज किंवा बिल्डिंगचं अंडरग्राउंड पार्किंग आहे त्यांनी हे जास्त मनावर घ्या. लोकांना वाटतं आपली गाडी उबेत आहे, सुखात आहे. उलट आहे, बाहेर गोठून पडलेलं मीठ आत येऊन वितळतं आणि रात्रभर कोमट खारं पाणी सांध्यांमध्ये मुरत बसतं. अशी गाडी बाहेर उभ्या असलेल्या गाडीपेक्षा जास्त वेळा धुवायला लागते. साधारण हिशोब म्हणाल तर दहा-पंधरा दिवसांतून एकदा, आणि मोठं वादळ येऊन गेलं की रस्ते कोरडे झाल्यावर एकदा. रस्ते कोरडे झाल्यावर म्हणतेय, ओल्या खाऱ्या रस्त्यावरून धुऊन घरी आलात तर दोन किलोमीटरमध्ये परत होतं तसं.

आता सेल्फ सर्व्हिस बे, जिथे नाणी किंवा कार्ड टाकलं की गन चालू होते. हीच माझी आवडती पद्धत. जाण्याआधी गाडीच्या टपावरचा, बोनेटवरचा बर्फ घरीच ब्रशने काढा, फोमचं डोकं असलेल्या ब्रशने, आणि काचेवरचा प्लास्टिक स्क्रेपर पत्र्याला अजिबात लावू नका, रंगावर कायमचे ओरखडे पडतात. वायपर ऑटोवर असेल तर बंद करा, गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून न्या म्हणजे पत्रा, ब्रेक जरा गरम होतात. हातात आधी पातळ लोकरी ग्लोव्ह्ज आणि वरून जाड रबरी, ओल्या हाताने या थंडीत बोटं किती लवकर बधिर होतात ते एकदा झाल्याशिवाय कळत नाही. पायात खाचांचे बूट, कारण बेच्या तोंडाशी कायम बर्फ साचलेला असतो.

पैसे टाकायच्या आधीच सगळी तयारी करा, टायमर कोणासाठी थांबत नाही. आणि पहिला फवारा पत्र्यावर मारू नका. गन घेऊन खाली वाका, कमरेतून नाही, गुडघ्यातून, आणि दाराच्या खालची जी लांब पट्टी असते, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, तिच्या खालून आत असा तिरका फवारा धरा आणि हळूहळू चालत जा. आधी पाणी स्वच्छ पडतं, मग एकदम करडं, मग त्यात वाळूचे कण दिसतात, मग परत स्वच्छ. ते परत स्वच्छ होईपर्यंत हलायचं नाही. मग चाकांच्या वरची कमान, तिथे बर्फाचे काळे गोळे लटकलेले असतात, त्यांना लाथ मारून पाडायचा मोह आवरा, मागे प्लास्टिकचं अस्तर असतं, गारठ्यात ते पटकन तुटतं, फवाऱ्याने हळू सुटतात ते. कमानीच्या आतल्या कडेला जो पत्र्याचा दुमडलेला ओठ असतो त्याच्यावर बोट फिरवून बघा एकदा, चमचाभर ओली खारी माती निघेल, गंज पहिला तिथेच धरतो. मग मागच्या चाकांच्या मागची जागा, मागच्या बंपरच्या आतून, आणि पुढून रेडिएटरच्या खालून. चार मिनिटांच्या पैशातली निम्मी मिनिटं खालीच गेली पाहिजेत असं मी धरते.

हे उगीच नाही. गाडीच्या पोटाखालून ब्रेकचं तेल नेणाऱ्या ज्या बारीक नळ्या जातात त्या खूप गाड्यांमध्ये स्टीलच्या असतात, आणि मिठाने त्या गंजून फुटतात. अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ते सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २०१५ मध्ये गंजलेल्या ब्रेकच्या नळ्यांवरची मोठी चौकशी संपवताना मिठाच्या पट्ट्यातल्या लोकांना सांगितलं होतं की हिवाळाभर गाडीचं पोट नेमाने धुवा आणि नळ्या तपासून घ्या. म्हणजे हा प्रश्न दिसण्याचा नाहीच, ब्रेक लागण्याचा आहे.

पोट झालं की मग अंग. साबणाचं सेटिंग खालून वर मारायचं, एखाद मिनिट भिजू द्यायचं पण सुकू द्यायचं नाही, आणि स्वच्छ पाणी वरून खाली. गन पत्र्यापासून फूटभर लांब, रबर, सेन्सर, खड्याने उडालेला रंग यांच्या जवळ तर अजून लांब, जवळून मारलं तर रंगाचा सुटलेला पोपडा उचलून येतो. दाराच्या फटीत, कुलपाच्या भोकात आणि पेट्रोलच्या झाकणावर सरळ समोरून मारू नका, पाणी आत कोंबलं जातं आणि नंतर तेच गोठतं. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चार्जिंगचं झाकण नीट बंद आहे ना बघा, आणि कार वॉश मोड असेल तर तो लावा.

तिथे भिंतीला एक फेस येणारा ब्रश टांगलेला असतो. तो घेऊ नका. तुमच्या आधी कोणीतरी त्याने चिखलाने माखलेला पिकअप ट्रक घासलेला असतो, त्यातली वाळू केसांत अडकून असते, आणि मग तुमच्या गाडीवर गोल गोल बारीक चरे, उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. थोडी मळकट राहिली तरी चालेल, नुसत्या फवाऱ्याने जेवढं निघेल तेवढं पुरे. ऑटोमॅटिकमध्ये जायचं असेल तर टचलेस, म्हणजे ब्रश न लावता नुसत्या फवाऱ्याने धुणारं, घ्या आणि अंडरबॉडी वॉश आहे का ते आधी विचारा, काही ठिकाणी ते सगळ्यात महागड्या पॅकेजमध्येच असतं, हिवाळ्यात तेच घ्या. हॉट वॅक्स, रंगीत फेस वगैरे परवडत नसेल तर सोडा, पण पोटाचा फवारा सोडू नका.

शेवटचं सेटिंग स्पॉट फ्री रिन्सचं असतं, ते घ्या, त्यात क्षार नसतात. आणि मग येतो खरा भाग, ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो आणि जिथे दारं गोठतात. पुसणं.

गाडी बेच्या बाहेर व्हॅक्युमपाशी घ्या म्हणजे मागचा हॉर्न मारणार नाही. चारही दारं, डिकी, बोनेट, पेट्रोलचं झाकण, सगळं उघडा. एक मोठं मायक्रोफायबर फडकं दाराच्या चौकटीसाठी. आधी पत्र्याची कड, मग बीडिंग, आणि बीडिंग वरवर पुसून भागत नाही, दोन बोटांनी जरा दाबून त्याची घडी उघडायची, आत पाणी दडलेलं असतं, फडक्याचं टोक आत घालून ओढत खालपर्यंत आणायचं. दाराच्या तळाशी, खालच्या कडेला, बारीक भोकं असतात, दारात गेलेलं पाणी बाहेर यायला ठेवलेली. ती मिठामातीने बुजलेली असतील तर लाकडी टूथपिकने मोकळी करा, मी पहिल्यांदा केली तेव्हा एका दारातून कपभर करडं पाणी टपटप गळालं, केव्हापासून आत सडत होतं कोण जाणे. आरशांच्या मागे, हँडलच्या आत, वायपरच्या बुडाशी, नंबर प्लेटच्या वर, डिकीच्या बटणात, सगळीकडे फडकं. काचा खाली-वर करू नका, पट्टीत ओल असते, वर गेलेली काच तिथेच चिकटते.

मग बीडिंगला सिलिकॉन लावा. स्प्रे असेल तर फडक्यावर मारून फडकं फिरवा, सरळ मारला तर सीटवर, पायरीवर उडतो आणि पाय घसरतो. रबरासाठीचं सिलिकॉनच घ्या, पेट्रोलियमचं ग्रीस किंवा व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं, मऊ पडतं. महिन्यातून एकदा लावलं तरी दारं चिकटत नाहीत, हा माझा इतक्या हिवाळ्यांचा अनुभव आहे.

निघालात की सरळ घरी जाऊन लावू नका. दहा मिनिटं मोकळ्या रस्त्याने चालवा आणि मागे कोणी नाही बघून ब्रेक चार-पाच वेळा हलका दाबा, म्हणजे डिस्क गरम होऊन पाणी उडतं. रात्री उणे जाणार असेल तर सपाट जागी ऑटोमॅटिक गाडी पीवर, म्हणजे पार्कवर, ठेवा आणि हँडब्रेक ओढू नका, ओला असेल तर गोठून चिकटतो. उतारावर मात्र हा सल्ला लागू नाही, तिथे हँडब्रेक हवाच, त्यापेक्षा त्या दिवशी सपाट जागा शोधा.

आता घरच्या गॅरेजमधली पद्धत, रिन्सलेस वॉश म्हणतात तिला. साबणासारखं एक द्रावण मिळतं, ऑप्टिमम नो रिन्स हे त्यातलं जुनं आणि नावाजलेलं, साडेसात लिटर कोमट पाण्यात फक्त ३० मिली, आणि नंतर वरून पाणी ओतायचंच नाही. पण एक अट, मिठाचा जाड थर असलेल्या गाडीवर ही करायची नाही, कण घासले जाऊन रंग खराब होतो. म्हणून मी काय करते, आधी बेमध्ये नुसता फवारा मारून आणते आणि मग घरी शटर लावून हे. इंजिन बंद. दार अर्धं उघडं आहे म्हणून इंजिन चालू ठेवून काम करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि गॅरेजमधून ते घरात पण शिरतं. इलेक्ट्रिक हीटर लावणार असाल तर त्याची वायर ओल्या फरशीवरून नेऊ नका.

बादलीत सहा-आठ मायक्रोफायबर फडकी भिजत टाका. एकाची चौघडी केली की आठ स्वच्छ बाजू मिळतात. एका वेळी एकच भाग, म्हणजे एक दार किंवा अर्धं बोनेट. आधी त्याच द्रावणाचा स्प्रे मारून मिनिटभर थांबा, मग फडकं वजन न देता एका दिशेने सरळ ओढा, गोल गोल नाही, एक ओढ झाली की बाजू बदला. मळलेलं फडकं बादलीत परत बुडवायचं नाही, बाजूला टाकायचं. लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. वरून सुरुवात करा, दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, चाकांची फडकी कायमची वेगळी. पूर्ण गाडीला पाऊण तास लागतो, फरशीवर जेमतेम तांब्याभर पाणी सांडतं, ते लगेच वायपरने गॅरेजच्या नाल्यात नाहीतर फडक्याने टिपून घ्यायचं, शटरच्या बाहेर लोटायचं नाही. का, ते वर सांगितलंच.

भांडी घासायचा लिक्विड सोप गाडीला लावू नका, तो वॅक्सचा थर काढून टाकतो आणि हिवाळ्यात तो थर म्हणजे गाडीची गोधडी आहे. तो थर पण ऑक्टोबरातच चढवायचा असतो, दहा-बारा डिग्रीच्या वर हवा असताना, आता जानेवारीत नीट धरत नाही. आणि त्याच सुमारास गाडीच्या पोटाला गंजरोधक ऑइल स्प्रे मारून घ्यायचा, इथे दरवर्षी मारतात, दोन दिवस तेल ठिबकतं म्हणून ड्राइव्हवेवर पुठ्ठा अंथरून ठेवा. मारणाऱ्याला सांगा दाराखालची ती भोकं बुजवू नको म्हणून.

आतलं पण मीठच आहे हे विसरतात लोक. बुटांना चिकटून येतं, पायाखाली वितळतं आणि कार्पेटमध्ये मुरतं, मग काचा आतून सारख्या धुकटतात आणि कार्पेटखालचा पत्रा आतून गंजतो. उंच काठाची रबरी मॅट घ्या, तळी साचली की उचलून बाहेर ओता, आणि पांढरे डाग पडलेच तर कोमट पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मं-निम्मं, फडक्याने थापटून, घासून नाही, नंतर नुसत्या पाण्याच्या फडक्याने टिपून कोरडं करा.

एवढं करूनही एखाद्या सकाळी दार चिकटलंच तर ओढू नका. उलट दाराला बाहेरून खांदा लावून आत दाबा, कडेकडेने, अंगाचं वजन टाकून, आतला बर्फाचा पापुद्रा कट्कन मोडतो आणि मग अलगद उघडतं. नाही उघडलं तर दुसरं दार बघा, एक तरी उघडतं, आत बसून हीटर लावून दहा मिनिटं थांबा. एका स्प्रेच्या बाटलीत ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन भाग आणि पाणी एक भाग असं मिश्रण घरात ठेवा, गाडीत नको, गाडीत ठेवलं तर हवं तेव्हा आतच अडकतं. फटीवर मारलं की मिनिटभरात सुटतं.

त्या मुलीला मी काल मेसेज केला, बुधवारी अधिक तीन आहे, दुपारी बारा ते चार, ये माझ्याकडे, फडकी आणि सिलिकॉन माझं, नाणी तू आण. बीडिंगची घडी कशी उघडायची ते लिहून तेवढं कळत नाही, एकदा हातात हात धरून दाखवलं की झालं.